दुसरी फायरवॉल मास्टर झाली, तरी बाहेरून ईआरपी का लागत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठे चुकत असेन तर सांगा. कोल्हापूरजवळच्या शिरोळी एमआयडीसीतली फाउंड्री. रॅकमध्ये पीएफसेन्स या प्रणालीच्या दोन सारख्या फायरवॉल, कार्पने जोडलेल्या, म्हणजे एक (मास्टर) पडली की दुसरीने (बॅकअप) तिचा सामायिक पत्ता उचलायचा. आयएसपीने, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने, आठ आयपी पत्त्यांचा ब्लॉक दिलाय. त्यातला .१ (पत्त्याचा शेवटचा आकडा तेवढा लिहितो) त्यांच्या राउटरचा, .२ पहिल्या फायरवॉलचा, .३ दुसरीचा, .४ दोघींचा सामायिक, आणि .५ वर बाहेरून ईआरपी, म्हणजे कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर, उघडतं. पहिली बंद केली की तीन-चार सेकंदांत दुसरीच्या पडद्यावर मास्टर दिसतं. आतल्या लोकांचं इंटरनेटही परत येतं. पण .५ बाहेरून काही केल्या लागत नाही. पहिली पुन्हा चालू केली की अर्धा मिनिट सगळंच ठप्प, मग पूर्ववत. आणि प्रत्येक वेळी चालू असलेली रिमोट डेस्कटॉपची कामं तुटतात ती तुटतातच.

हे सगळं लिहिताना दोन गोष्टी तुम्ही जाता जाता सांगून पुढे गेलात, आणि माझ्या मते उत्तर त्यांतच आहे. एक म्हणजे .५ दुसऱ्या फायरवॉलवर आपोआप सिंक होत नव्हता, म्हणून तुम्ही तो तिथे हाताने टाकला. दुसरी म्हणजे एकदा पहिली फायरवॉल रात्रभर बंद राहिली होती, आणि सकाळी येऊन बघता तर .५ कोणी हात न लावता सुरू झालेला.

फेलओव्हर, म्हणजे एकीकडून दुसरीकडे ताबा जाणं, बिघडलं की आपण त्या दोन फायरवॉलींच्या पडद्यांकडेच बघत बसतो. गेली बावीस वर्षं मी उद्यमनगर, शिरोळी, गोकुळ शिरगाव, कागल अशा ठिकाणी रॅकसमोर उभा आहे, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीही तेच करत होतो. पडद्यावरचं मास्टर किंवा बॅकअप ही त्या बॉक्सची स्वतःबद्दलची समजूत असते. मोटर चालू झाली म्हणून पाणी सरीत पोचलं असं होत नाही, बांधावर जाऊन बघावं लागतं. इथला बांध म्हणजे मधला स्विच आणि आयएसपीचा राउटर. पत्ता तोच राहिला पण बिऱ्हाड बदललं, हे शेजाऱ्यांना कळलं पाहिजे. नाही कळलं तर टपाल जुन्याच दारात पडत राहणार.

शेजाऱ्यांकडे दोन वह्या असतात. या दोन वह्या वेगळ्या आहेत हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. पहिली वही आयएसपीच्या राउटरकडे, एआरपीची. कुठला आयपी कुठल्या मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर, राहतो, ते तिच्यात. दुसरी वही स्विचकडे. कुठला मॅक कुठल्या पोर्टावर दिसला, ते तिच्यात. स्विचची वही लवकर शिळी होते, बहुतेक स्विचवर ३०० सेकंदांत नोंद पुसली जाते, आणि एखाद्या मॅककडून नवीन पॅकेट आलं की नोंद त्याच क्षणी सुधारते. राउटरच्या वहीचं तसं नाही. सिस्कोच्या राउटरवर एआरपीची नोंद मुळात १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास टिकते. तुमचा .५ सकाळी आपोआप सुरू झालेला दिसला तो यामुळे. रात्रीत कधीतरी ती नोंद संपत आली, राउटरने पुन्हा विचारलं की .५ कोणाचा, आणि तेव्हा एकटीच जागी असलेल्या दुसरीने उत्तर दिलं.

मग .४ ला हा त्रास का नाही? कारण तो खरा कार्पचा पत्ता आहे. कार्पच्या सामायिक पत्त्याला स्वतःचा वेगळा मॅक असतो. सुरुवात ००:००:५ई:००:०१ अशी, आणि शेवटच्या जोडीत तुम्ही दिलेला व्हीएचआयडी, म्हणजे त्या सामायिक गटाचा क्रमांक. जी फायरवॉल मास्टर ती हा मॅक वापरते. त्यामुळे बिऱ्हाड बदललं तरी राउटरच्या वहीत खाडाखोड करावीच लागत नाही, आयपी तोच आणि मॅकही तोच. बदलतं ते फक्त स्विचचं पोर्ट, आणि नवीन मास्टर बोलायला लागली की स्विच ते लगेच शिकतो. तीन-चार सेकंदांचा हिशोबही सरळ आहे. पहिली दर सेकंदाला मी आहे म्हणून हाक देते. दुसरीचा स्क्यू, म्हणजे मागे राहण्याचा आकडा, १०० असेल तर ती तीन सेकंद आणि वर २५६ पैकी १०० भाग, म्हणजे साधारण ३.४ सेकंद वाट बघते आणि मग ताबा घेते. इथपर्यंत तुमचं काम चोख झालेलं आहे.

.५ मात्र तुम्ही आयपी अलियास, म्हणजे जादा पत्ता, म्हणून वॅन इंटरफेसवर, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या पोर्टावर, टाकलाय. हे मी न बघता सांगू शकतो, कारण नुसत्या इंटरफेसवर टाकलेला अलियास सिंक होत नाही, कार्पवर बसवलेला होतो. सिंक न होणं ही पीएफसेन्सची चूक नव्हती, ती सूचना होती. असा अलियास त्या त्या फायरवॉलच्या कार्डाचा खरा मॅक वापरतो. तुम्ही तो दोन्हीकडे टाकलात, म्हणजे एकाच पत्त्यावर दोन घरमालक झाले. जी शेवटची बोलली तिचं नाव राउटरच्या वहीत. पहिली फायरवॉल बंद झाली तरी राउटर तिच्याच खऱ्या मॅकवर .५ चं टपाल पाठवत राहतो, आणि तिथे दार बंद. याच कारणाने कधीतरी फक्त दुसरी रीस्टार्ट केल्यावरही .५ अडखळला असेल, आठवून बघा. चालू होताना तीही .५ माझा म्हणून पुकारा करते आणि नोंद आपल्याकडे ओढून घेते.

यावर माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवू नका, तारेवर बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडा, म्हणजे तुम्ही खरोखर बाहेरून आलात, आणि .५ ला सतत पिंग लावून ठेवा. फायरवॉलच्या नियमात पिंगला परवानगी नसेल तर ईआरपीचं पान दर काही सेकंदांनी उघडत राहा. पहिली फायरवॉल बंद करा. दुसरीवर पॅकेट कॅप्चर, म्हणजे तारेवरच्या पॅकेटची नोंद, लावा, वॅनवर, पत्ता .५, प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्याच्या नावाची पॅकेटही दाखवणारा) चालू आणि तपशील पूर्ण, म्हणजे प्रत्येक ओळीत मॅक दिसतील. कॅप्चरची टीसीपीडम्प ही आज्ञा हाताने चालवत असाल तर छोट्या ई चा पर्याय विसरू नका, नाहीतर मॅक दिसत नाहीत आणि मुद्द्याचंच राहून जातं.

आता नीट बघा. पहिलीचं पोर्ट मेलेलं असल्याने मधल्या पाच पोर्टांच्या स्विचला तिचा मॅक कुठे आहे हे माहीत नाही. अशा वेळी स्विच ते पॅकेट सगळ्याच पोर्टांवर सोडतो. म्हणून दुसरीच्या कॅप्चरमध्ये .५ साठीची पॅकेट येताना दिसतील, पण पोचण्याचा मॅक पहिलीचा असेल. पहिल्या फायरवॉलच्या तळाशी किंवा पाठीला स्टिकर असतं, त्यावर मॅक छापलेला असतो. टॉर्च लावून शेवटची तीन जोडं ताडून बघा. चार पोर्टांच्या बॉक्समध्ये पोर्टागणिक शेवटचा आकडा एक-दोनने पुढेमागे असतो, तेवढा फरक धरा. जुळलं की वादच मिटला. पॅकेट दारापर्यंत आलंय, पण पाकिटावर नाव शेजारणीचं, म्हणून दुसरी ते उचलत नाही.

दुसरा पुरावा सिस्टिम लॉगमध्ये पडलेला असेल. दोन्ही चालू असताना एकमेकींच्या नावाने तक्रार दिसते की अमुक मॅक माझा आयपी वापरतोय. अशी ओळ कुठल्याही फायरवॉलच्या लॉगमध्ये दिसली तर बाकी सगळं सोडून आधी तिच्या मागे लागा.

तिसरा पुरावा सर्वांत समाधान देणारा. पहिली बंदच ठेवून दुसरीवरून आरपिंग या आज्ञेने .५ चा पुकारा करा, म्हणजे ग्रॅच्युइटस एआरपी. काही राउटर असा न विचारता केलेला पुकारा कानाआड करतात. तसं वाटलं तर स्रोत पत्ता .५ देऊन .१ ची एआरपी चौकशी पाठवा. चौकशी करणाऱ्याचा आयपी आधीच वहीत असेल तर त्याचा मॅक दुरुस्त करून घ्यायचा, हा एआरपीचा मूळ नियम आहे, १९८२ पासूनचा, त्यामुळे चौकशी सहसा ऐकली जाते. लॅपटॉपवरचं पिंग त्याच सेकंदाला सुरू झालं, की निदान पक्कं.

हे सगळं मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण एका साखर कारखान्यात मी यावर अख्खी रात्र घालवली आहे. गळीत हंगाम ऐन भरात होता. वजनकाट्यावरची नोंद बाहेरच्या सर्व्हरवर जायची, आणि तो सर्व्हर कारखान्याच्या एकाच ठरावीक पत्त्यावरून आलेलं मान्य करायचा. फायरवॉल म्हणजे लिनक्सची दोन मशीन, त्यावर कीपअलाइव्हडी, कार्पसारखंच काम करणारं. ते मुळात खराच मॅक वापरतं आणि ताबा घेतला की पाच पुकारे करतं, पाच सेकंदांनी आणखी पाच. आयएसपीच्या राउटरने ते दहाही ऐकले नाहीत. रात्री दहाला पहिल्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला, दुसरी मास्टर झाली, आणि काटा थांबला. मी साडेबारापर्यंत फायरवॉलचे नियम वाचत बसलो होतो. खिडकीतून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग दिसत होती, चालक उसावरच अंग टाकून झोपलेले. तोडलेल्या उसाचं वजन तासागणिक घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं, हे डोक्यातून जात नव्हतं. शेवटी कॅप्चरमध्ये मॅक दाखवायला सांगितलं आणि पहिल्याच ओळीत गेलेल्या मशीनचा मॅक समोर आला. आयएसपीच्या रात्रपाळीच्या मुलाला फोन केला, त्याने त्या एका पत्त्याची एआरपी नोंद पुसली, आणि फोन कानाला असतानाच काट्याची पावती निघाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मशीनवर व्हर्च्युअल मॅकचा पर्याय चालू केला. तेव्हापासून मी नियम वाचण्याआधी मॅक बघतो.

तुमचा उपाय सोपा आहे, पण क्रम पाळा. दोन्ही फायरवॉलवरचा .५ काढा. मग फक्त पहिलीवर तो पुन्हा टाका, प्रकार आयपी अलियासच, पण इंटरफेस निवडताना वॅन न निवडता .४ चा कार्प निवडा. आता तो .४ च्या व्हीएचआयडीवर बसला, त्याचाच मॅक वापरणार, आणि सिंक होऊन दुसरीवर आपोआप जाणार. दुसरीवर हात लावू नका. पोर्ट फॉरवर्डचे, म्हणजे बाहेरून आलेलं आतल्या सर्व्हरकडे वळवायचे, नियम .५ या पत्त्यावर आहेत तसेच चालतील, एकदा नजर तेवढी टाका.

यात एक बारीक मुद्दा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. कार्पच्या प्रत्येक हाकेवर पासवर्डने केलेली सही असते, आणि त्या सहीत त्या व्हीएचआयडीवरचे सगळे पत्तेही धरलेले असतात. पहिलीवर दोन पत्ते आणि दुसरीवर अजून एकच, अशी स्थिती असेपर्यंत सह्या जुळत नाहीत. दुसरीला पहिलीची हाक ऐकू येते पण ती खोटी समजून टाकून देते, आणि दोघी मास्टर होतात. सिंक पूर्ण झालं की मिटतं. म्हणून हा बदल तुमच्या सोमवारच्या सुट्टीतच करा, भट्टी चालू असताना नको. आणि बदलानंतर आयएसपीला फोन करून .५ ची एआरपी नोंद एकदा पुसून घ्या, नाहीतर जुना मॅक चार तासांपर्यंत तसाच राहू शकतो आणि तुम्हाला वाटेल की उपाय लागू पडला नाही.

आता ते अर्धं मिनिट. तुम्ही लिहिलंय की वॅनच्या बाजूला बाजारातून आणलेला साधा पाच पोर्टांचा स्विच आहे, आणि लॅनच्या, म्हणजे आतल्या, बाजूला मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच. अर्धं मिनिट हा आकडा ऐकला की मला स्पॅनिंग ट्रीच आठवते, केबलींचा फेरा झाला तर तो तोडणारी स्विचमधली व्यवस्था. जुन्या पद्धतीत पोर्टावर लिंक आली की स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मगच पॅकेट जाऊ देतो. पहिली फायरवॉल चालू होते. वॅनच्या साध्या स्विचला ही भानगड नाही, तिथे तिची हाक लगेच पोचते आणि दुसरी .४ चा ताबा सोडते. लॅनकडे मात्र पोर्ट अजून बंद आहे. पहिलीला दुसरीची हाक ऐकू येत नाही, म्हणून तिच्या मते तिकडेही तीच मास्टर. दुसरीलाही तिची येत नाही, म्हणून लॅनचा पत्ता दुसरी सोडत नाही. तीस सेकंद अशी गत की आतली माणसं टपाल दुसरीला देतायत आणि बाहेरून येणारं टपाल पहिलीकडे पडतंय. लिंक वर असल्याने पहिलीला आपण लॅनपासून तुटलोय हे कळायला मार्गच नाही. केबल निघालेली असती तर ताब्याच्या शर्यतीत तिने स्वतःला २४० ने खाली ओढलं असतं आणि सगळेच पत्ते दुसरीकडे राहिले असते.

उपाय म्हणजे मॅनेज्ड स्विचवर ज्या दोन पोर्टांना फायरवॉल जोडल्यात, तिथे एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट चालू करा, म्हणजे ही तीस सेकंदांची वाट तिथे राहत नाही. स्पॅनिंग ट्री अख्ख्या स्विचवर बंद करू नका. शॉपफ्लोअरवर कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचला लावतो, आणि तेव्हा तीच वाचवते.

कायमच दोघी मास्टर राहत असतील तर ते वेगळं दुखणं. तुमच्याकडे नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाकडे असू शकतं म्हणून लिहितो. दोन्ही फायरवॉलवर त्या इंटरफेसवर कॅप्चर लावा, प्रोटोकॉल ११२, पत्ता २२४.०.०.१८. प्रत्येकीला दुसरीची हाक दिसते का बघा. दिसत नसेल तर दोष मधल्या स्विचचा, बहुतेकदा व्हीलॅन चुकलेला किंवा मल्टिकास्ट अडवणारी आयजीएमपी स्नूपिंग. दिसत असेल आणि तरीही दोघी मास्टर, तर पासवर्ड, व्हीएचआयडी किंवा वर सांगितलेली पत्त्यांची यादी जुळत नाही. फायरवॉल व्हीएमवेअरवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या आभासी यंत्रांवर, असतील तर व्हर्च्युअल स्विचच्या सुरक्षेतले तिन्ही पर्याय, म्हणजे प्रॉमिस्क्युअस मोड, मॅक बदल आणि फोर्ज्ड ट्रान्समिट, त्या पोर्ट ग्रुपवर मान्य करावे लागतात, कारण कार्पचा मॅक त्या व्हर्च्युअल कार्डाचा नसतोच.

व्हीएचआयडीबद्दल आणखी एक. कार्प २००४ मध्ये ओपनबीएसडी ३.५ बरोबर आलं, व्हीआरआरपी या त्याच कामाच्या आधीच्या प्रोटोकॉलवर सिस्कोने पेटंटचा दावा सांगितल्यामुळे. पण प्रोटोकॉल क्रमांक ११२ आणि मॅकची सुरुवात दोन्हींची एकच राहिली. याचा फटका आज असा बसतो, की तुमच्या आयएसपीचे राउटर आपसांत व्हीआरआरपीचा गट क्रमांक १ वापरत असतील आणि तुम्हीही व्हीएचआयडी १ ठेवला असेल, तर एकाच तारेवर एकच मॅक दोघांचा होतो. मग स्विचची वही सेकंदागणिक उलटसुलट होते आणि इंटरनेट कधी आहे, कधी नाही. मी वॅनवर व्हीएचआयडी १ कधीच ठेवत नाही, १०० च्या पुढचा एखादा घेतो. घेण्याआधी कॅप्चरमध्ये तारेवर दुसरं कोण हाक देतंय ते बघून घेतो.

तुटणाऱ्या रिमोट डेस्कटॉपचं कारण बहुधा नॅट, म्हणजे आतले पत्ते बाहेर पडताना बदलणं. आउटबाउंड नॅट आपोआपवर असेल तर आतून गेलेली जोडणी पहिलीच्या स्वतःच्या .२ पत्त्याने बाहेर पडते. पहिली गेली की .२ गेला, त्यावरची प्रत्येक जोडणी मेली, स्टेट सिंक, म्हणजे चालू जोडण्यांची यादी दुसरीला देत राहणं, कितीही चांगलं असलं तरी. नॅट हायब्रिड किंवा मॅन्युअल करून बाहेर पडायचा पत्ता .४ द्या. स्टेट सिंकसाठी दोघींत थेट वेगळी केबल ठेवा, आणि दोन्हींत पोर्टांची नावं व क्रम एकच आहे ना ते बघा. मॉडेल सारखं आहे म्हणताय, तेव्हा अडचण नसावी.

आत गेटवे आणि डीएनएस सगळीकडे सामायिक पत्ताच हवा. डीएचसीपीवाल्यांचं, म्हणजे आपोआप पत्ता घेणाऱ्या यंत्रांचं, एका जागी बदलतं. खरा त्रास हाताने पत्ते टाकलेल्या यंत्रांचा. स्पेक्ट्रोमीटरचा पीसी, हजेरीचं बोटाचं यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर (एनव्हीआर), कधीकाळी कोणीतरी येऊन बसवून गेलेलं. त्यांत गेटवे म्हणून पहिल्या फायरवॉलचा स्वतःचा पत्ता टाकलेला हमखास सापडतो. एकदा वही घेऊन शॉपभर फिरा.

आयएसपीशी बोलताना दोन प्रश्न विचारा. मॅक बाइंडिंग आहे का? आपल्याकडे छोट्या आणि केबलवाल्या आयएसपींत ही सवय फार आहे, एक पत्ता एका मॅकला बांधून ठेवतात. तसं असेल तर त्यांना कार्पचा मॅक लिहून द्या, किंवा बाइंडिंग काढायला सांगा. दुसरा प्रश्न, मधला राउटर कोणाच्या ताब्यात आणि त्यावरची एआरपीची मुदत कमी करता येते का. चार तासांची पाच मिनिटं केली तर एवढ्याशा जागेवर कोणाचंही काही बिघडत नाही, पण मी कित्येकदा विनवण्या करून थकलोय. आठचा ब्लॉक मागून घेतलात हे फार बरं केलंत. आठातले सहा वापरता येतात, एक त्यांचा, पाच तुमचे. चारच्या ब्लॉकमध्ये तुमच्या वाट्याला एकच येतो, आणि दोघींना स्वतःचा एकेक आणि वर सामायिक एक, हे गणित बसतच नाही.

सोमवारची चाचणी नुसती बंद करून बघण्यावर थांबवू नका. रीतसर बंद केलेली फायरवॉल जाताना निरोप देऊन जाते, वीज गेलेली देत नाही. म्हणून एकदा मागची वायर ओढा. एकदा फक्त लॅनची केबल काढा आणि वॅनचे पत्तेही दुसरीकडे गेले का बघा, गेले नाहीत तर प्रीएम्प्ट, म्हणजे सगळे पत्ते एकत्र हलवणारी सेटिंग, बंद आहे. एकदा फक्त वॅनची काढा. एकदा तो पाच पोर्टांचा स्विच रीस्टार्ट करा. प्रत्येक वेळी बाहेरच्या लॅपटॉपवर .४ आणि .५ दोन्हींना पिंग चालू ठेवा आणि किती हुकले ते वहीत लिहा. चार-पाच हुकले तर ठीक, तीसच्या आसपास हुकले तर स्पॅनिंग ट्री, आणि परतच आलं नाही तर एआरपी.

एक गोष्ट रॅकच्या बाहेरची, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दोन्ही फायरवॉल एकाच यूपीएसवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि त्या छोट्या स्विचचा अडॅप्टरही तिथेच, असं मी शिरोळीत कितीतरी ठिकाणी बघितलंय. वायरींचा माग काढून दोघींना दोन वेगळे यूपीएस द्या. तसंच फायबरच्या अलीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा, असेल, तर पलीकडची फायबर तुटली तरी फायरवॉलकडचा दिवा हिरवाच राहतो आणि फेलओव्हरला काही कळत नाही. तेव्हा लागते ती दुसरी लाइन, दुसऱ्या वाटेने आलेली. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोळीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे पोरासोरांनाही पाठ आहे, पण आपल्या दोन आयएसपींच्या फायबर नदी कुठून ओलांडतात हे किती जणांनी विचारलंय? दोन्ही एकाच पुलावरून येत असतील तर ती एकच लाइन आहे. लाइनमनला सोबत घ्या आणि पावसाळ्याआधी ती वाट डोळ्यांनी बघून या.

चाचणीआधी दोन्ही फायरवॉलच्या कॉन्फिगचा बॅकअप लॅपटॉपवर उतरवून घ्या. कन्सोलची केबल हाताशी ठेवा, आणि आयएसपीच्या त्या दिवशीच्या माणसाचा नंबर आधीच मागून घ्या, सोमवारी त्यांचीही माणसं कमी असतात. एवढं करूनही .५ लागला नाही, तर दुसऱ्या फायरवॉलच्या वॅनवरचं पाच मिनिटांचं कॅप्चर, मॅक दिसतील असं, आणि दोन्ही फायरवॉलच्या व्हर्च्युअल आयपीच्या पानांचे फोटो पाठवा. खरे पत्ते झाकून, शेवटचा आकडा तेवढा दिसू द्या.